टेकूवरची सरकारं : काबूल, जाफना आणि आता म्यानमार

प्रश्न थोडक्यात असा आलाय, की जवळच्या एखाद्या देशात बंडखोरी पेटलीय, सरकार कमकुवत, नेता लेचापेचा, तर भारतानं त्याला शस्त्रं, पैसा, वेळ पडली तर फौज देऊन उभं करावं का सरळ हात वर करावेत? आणि जोडून विचारलंय की २०२१ मध्ये काबूल बघता बघता पडलं तेव्हा आपले तीनेक अब्ज डॉलर पाण्यात गेले का, आणि आता म्यानमारमध्ये पण तेच होणार का.

आधीच सांगतो, मी डिप्लोमॅट नाही. मी विजेचा माणूस, हाय व्होल्टेजच्या लाईनी टाकणं हा माझा धंदा, पण नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षं परदेशातल्या मदत प्रकल्पांवर गेली आणि त्यातली बरीचशी अफगाणिस्तानात. मीटिंगांना मागच्या खुर्चीवर बसायचो, बोलायची पाळी फार येत नसे, ऐकायची यायची. त्यामुळे दिल्लीत ठरलेलं धोरण टॉवरच्या पायथ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते मला जरा जास्त माहितीय, आणि वरून ते कसं दिसतं ते कमी. हे लक्षात ठेवून वाचा.

सरळ उत्तर द्यायचं तर मदत जरूर करावी, पण कुणा एका माणसाला गादीवर टिकवायचं काम अंगावर घेऊ नये. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळी बघितल्या असतील, पावसाळ्याआधी त्यांना लाकडी टेकू लावतात. दुरुस्ती होईपर्यंत म्हणून लावलेला टेकू दहा-पंधरा वर्षं तसाच राहतो, लोक त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायला लागतात आणि मालक दुरुस्तीचं नाव काढत नाही, कारण टेकू आहेच की. परक्याच्या जिवावर उभ्या असलेल्या सरकारचं असंच होतं. नेता कमकुवत होता म्हणून टेकू लावला असं आपण म्हणतो, पण टेकू लागल्यावर त्याला मजबूत व्हायचं कारणच उरत नाही, ते कुणी बोलत नाही.

आणि हे आपल्याला तरी नवीन असायचं कारण नाही. वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय. यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवा-शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली, दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांकडे गेला, तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या संगिनींच्या आडोशानं पुण्यात येऊन परत गादीवर बसला. स्वराज्य गेलं ते इथं, असं आपण शिकलो. मला पुढे काबूलमध्ये राहिल्यावर यात वेगळंच दिसायला लागलं. तोवर पेशव्याला शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागायचं, भांडायचं, रुसवे काढायचे, मुलूख द्यायचा, पण धरून राहायचं, कारण त्यांच्याशिवाय फौज नाही. तैनाती फौज आली आणि ती गरज संपली, मग मनधरणी कशाला कुणाची? मामलती इजाऱ्यानं जायला लागल्या, जो जास्त बोली लावेल त्याला गाव, आणि खालून वर खबर यायची जी काही नाडी होती ती पण तुटली.

आता गंमत बघा. १८११ पासून पुण्यात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून हे सगळं जवळून बघणारा माणूस म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे (प्रभादेवी स्टेशनला आधी नाव होतं तो दुसरा, लॉर्ड एल्फिन्स्टन, गल्लत नको). हाच माणूस त्याआधी १८०९ मध्ये पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारात कंपनीचा वकील म्हणून जाऊन आला होता. शुजाची गादी त्यानंतर लगेच गेली, तो लुधियान्याला कंपनीच्या पेन्शनवर येऊन राहिला, आणि १८३८ मध्ये कंपनीला वाटलं की याला परत काबूलला बसवू म्हणजे रशियाची काळजी मिटली. एल्फिन्स्टन तेव्हा इंग्लंडात निवृत्त. त्यानं पत्रात लिहिलं, मतलब असा, की बोलन खिंडीतून फौज नेलीत आणि तिला खायला घालू शकलात तर कंदाहार घ्याल, काबूल घ्याल, शुजाला बसवालही, पण त्या गरीब, थंड, लांबच्या मुलखात त्याला टिकवून धरणं मला काही शक्य दिसत नाही. पुण्यात तैनाती फौजेवरचा राजा बघितलेला माणूस होता तो, त्याला कळणारच.

ऐकलं कुणी नाही. ऑगस्ट १८३९ मध्ये शुजा गादीवर, जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि बाराएक हजार बाजारबुणगे बर्फातून निघाले, आणि १३ जानेवारीला जलालाबादच्या तटाखाली डॉक्टर ब्रायडन नावाचा एक जखमी माणूस मरायला टेकलेल्या घोड्यावर पोचला. काही जण कैदेत होते, काही देशी शिपाई मागाहून कसेबसे आले, बाकीचे खिंडीत गेले. एप्रिलमध्ये शुजाचा खून झाला आणि ज्या दोस्त मोहम्मदला काढायला एवढी यातायात केली होती तोच परत येऊन बसला. कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला अफगाण चर्च आहे ना, ते या लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलेलं, मुंबईची फौज पण गेली होती त्यात. कधी गेलात तर आतल्या पाट्या वाचा.

आता माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. लाईनच्या कामाला सिक्युरिटी लागायची म्हणून आम्ही वाटेवरच्या पोलीस चौक्यांवर जायचो, त्याला तिकडे पोस्ता म्हणतात. एका पोस्त्यावर कागदावर बावीस माणसं होती. मोजली तर आठ, त्यातला एक स्वयंपाकी, आणि एकाच्या पायात बाहेर बर्फ असताना प्लास्टिकच्या चपला. बाकीचे कुठायत विचारलं की कमांडर हसायचा आणि हिरवा चहा ओतायचा, सोबत साखरेत घोळवलेले बदाम. अशा माणसांना तिकडे शब्दच आहे, खयाली. खयाली शिपाई. मला लगेच कळलं, कारण आपल्याकडे रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेली माणसं खडी फोडताना मी लहानपणापासून ऐकलीयेत.

२००९ मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार पहिल्यांदा थेट मोबाईलवर द्यायचा प्रयोग झाला, एम-पैसा म्हणून. तर त्या पोलिसांना वाटलं पगारवाढ झाली! वाढ कसली, तोच पगार होता, फक्त मधल्या साहेबांच्या हातातून न जाता पहिल्यांदा पूर्ण मिळाला. असला शिपाई गोळी खायला कुणासाठी उभा राहणार? माझ्यासमोर बसलेला तो प्लास्टिकच्या चपलेवाला पोरगा काही भित्रा नव्हता, नंतर कळलं की त्यानं एकट्यानं एक रात्र काढली होती पोस्त्यावर. पण त्याच्या मागे कुणी नव्हतं आणि ते त्याला माहीत होतं.

तिथल्या सरकारचा जो एकूण खर्च व्हायचा त्यातले शेवटच्या वर्षांत साधारण ७५ टक्के परदेशी देणग्यांमधून येत होते. म्हणजे सरकारला लोकांकडून कर मागायला जावं लागत नव्हतं, आणि कर मागायला जावं लागत नाही तेव्हा लोकांचं ऐकूनही घ्यावं लागत नाही. आम्हाला टॉवरच्या जागेसाठी एका वुलुसवालाची, म्हणजे आपल्याकडच्या तहसीलदार-प्रांताच्या मधला अधिकारी समजा, सही हवी होती. जागा त्याच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसत होती. त्यानं काबूलला फोन लावला, काबूलवाल्यानं विचारलं की परदेशी लोक काय म्हणतायत, मग यानं आमच्याकडे बघून विचारलं, तुम्ही काय म्हणताय? सही झाली. पण ज्याच्या शेतात टॉवर येणार होता तो म्हातारा बाहेर ओट्यावर दोन तास बसून होता आणि त्याला आत कुणी बोलावलंच नाही. आम्हीच मग बाहेर जाऊन बसलो त्याच्याशेजारी, दुभाष्याला घेऊन. त्याचं म्हणणं पैशाचं नव्हतंच, टॉवर कारेझवर नको एवढंच होतं, कारेझ म्हणजे जमिनीखालून पाणी आणायचा जुना पाट. पन्नासेक मीटर सरकवला, काम झालं.

लोक विचारतात, शेवटचा राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी एवढा शिकलेला, जागतिक बँकेत काम केलेला माणूस, मग त्याला कसं जमलं नाही? त्याला दोष द्यायला मला जीवावर येत नाही, पण नुसता स्वभावाचा प्रश्न नव्हता तो. २०१४ ची निवडणूक वादात अडकली, तर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी विमानानं आले आणि घनी आणि त्याचा प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अशी वाटणी करून गेले. २०१९ ला परत तेच, मार्च २०२० मध्ये दोघांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या मांडवांत राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. भांडण घरात मिटवायची सवयच लागली नाही कारण पंच बाहेरून येणार हे ठरलेलं. आणि मग त्या पंचानंच २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात तालिबानशी करार केला, त्यात काबूलचं सरकार सहीला सुद्धा नाही, आणि वर त्या सरकारनं पाच हजार कैदी सोडायचे हे करारात लिहिलेलं. घरमालकाला न विचारता भाडेकरूनं चोराशी तह केल्यासारखं. त्या दिवसानंतर प्रत्येक जिल्ह्यातला कमांडर स्वतःपुरता हिशोब करायला लागला, आणि तो हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

इथे सोव्हिएतांनी काबूलला बसवलेल्या नजीबुल्लाचं उदाहरण घ्यायलाच हवं, कारण ते लोक विसरतात. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सोव्हिएत जनरल पूल ओलांडून गेला तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की नजीब दोन-चार महिन्यांत जाणार. मार्चमध्ये मुजाहिदीन जलालाबादवर तुटून पडले आणि सपाटून हरले. नजीब एप्रिल १९९२ पर्यंत टिकला, तीन वर्षं, म्हणजे ज्यांनी त्याला बसवलं त्या सोव्हिएत युनियनपेक्षा जास्त! आणि घनी अमेरिकेचा शेवटचा सैनिक जायच्या पंधरा दिवस आधीच गेला. फरक काय? नजीबला रशियन फौज नसली तरी पैसा, पेट्रोल, गहू येत होता, आणि त्याची माणसं ती रशियन हत्यारं स्वतः चालवायला, दुरुस्त करायला शिकलेली होती. शिवाय तो गल्लीतला राजकारणी, कुठल्या टोळीला काय हवंय, कुणाला किती द्यायचं हे त्याच्या बोटांवर. दोस्तमसारख्या सेनापतींना पैसे देऊन धरून ठेवलं होतं. १९९२ च्या सुरुवातीला मॉस्कोतून मदत बंद झाली, दोस्तम फिरला, संपलं.

घनीच्या हवाई दलाचं बघा. अफगाण मेकॅनिकांचा हात रशियन एमआय-१७ वर बसलेला, वर्षानुवर्षांचा, पान्याच्या आवाजावरून सांगायचे काय बिघडलंय ते. ती काढून त्यांना अमेरिकन ब्लॅक हॉक दिली, चांगलीच आहेत, प्रश्न तो नाही, पण त्याचं मेंटेनन्स परदेशी कॉन्ट्रॅक्टरांकडे. २०२१ च्या उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्टर गेले आणि उभी राहिली हेलिकॉप्टरं. डोंगरातल्या पोस्त्यांना दाणागोटा, काडतुसं, जखमींना उचलणं सगळं हवेतून व्हायचं, ते थांबलं. मग त्या पोस्त्यावरच्या आठ जणांकडे गावातला म्हातारा मध्यस्थ म्हणून निरोप घेऊन यायचा, की हत्यारं ठेवा, घरी जा, थोडे पैसे पण देतील. अमेरिकेनं त्या फौजेवर वीस वर्षांत ८० अब्ज डॉलरच्या वर खर्च केला होता. ६ ऑगस्टला झरंज पडलं, १५ ला काबूल.

माझा विजेच्या धंद्यातला नियम आहे, सबस्टेशन हँडओव्हर करताना मी विचारतो की आम्ही गेल्यावर ट्रान्सफॉर्मरचं तेल कोण बदलणार, त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर ते सबस्टेशन तयार नाही, रिबन कापलेली असो. फौजेला पण हाच प्रश्न विचारायला हवा होता, पगार कोण देणार, पाना कोण फिरवणार.

अमेरिकेला हसायची आपली छाती नाही मात्र. आपण हेच १९८७ ते ९० श्रीलंकेत करून बसलोय. २९ जुलै १९८७ ला राजीव-जयवर्धने करार झाला, शांतिसेना गेली ती तमिळांचं रक्षण करायला, आणि ऑक्टोबरपर्यंत ती तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईशीच लढत होती. बाराशेच्या जवळपास जवान गेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, मुंबईत जन्मलेला माणूस, ८ महार रेजिमेंट, परमवीर चक्र मरणोत्तर. कोलंबोत नेता बदलला, प्रेमदासा आले, त्यांनी आपल्याला निघा म्हणून सांगितलं आणि आपल्याशी लढणाऱ्या एलटीटीईलाच गुपचूप हत्यारं दिली. ज्या सरकारशी करार करून गेलो ते सरकार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

त्यात सगळ्यात वाईट प्रकरण मला तमिळ नॅशनल आर्मीचं वाटतं, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. आपण निघायच्या आधी उत्तर-पूर्वेत आपल्या मर्जीतल्या वरदराज पेरुमाळ यांच्या प्रांतिक सरकारला फौज उभी करून द्यायची ठरलं. पोरं धरून आणली, अक्षरशः रस्त्यावरून, शाळेच्या वयाची, थोडं ट्रेनिंग, हातात रायफल. मार्च १९९० मध्ये आपलं शेवटचं जहाज निघालं, पेरुमाळ भारतात आले, आणि ती पोरं एलटीटीईच्या तोंडी गेली. खयाली शिपायांपेक्षा हे वाईट, कारण ही खरी होती.

नेपाळमध्ये मात्र आपण जरा शहाणपणानं वागलो, निदान काही काळ. १९९६ पासून माओवाद्यांचं बंड, राजा ज्ञानेंद्रनं १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता हातात घेतली, आणि म्हणाला मीच बंड मोडतो, मला शस्त्रं द्या. तोवर आपण देतच होतो. पण यावेळी दिल्लीनं घातक शस्त्रांचा पुरवठा थांबवला. वरकरणी हा वेडेपणा वाटतो, दारात बंडखोरी आणि तुम्ही सरकारचीच शस्त्रं अडवता? पण त्यामुळे राजाला आणि पक्षांना दोघांनाही कळलं की पंच गादीच्या बाजूनं येणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीतच सात पक्ष आणि माओवाद्यांचा १२ कलमी समझोता झाला, एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर आले, राजा नमला, २१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार. सगळं गोड झालं असं नाही, सरकारं तिकडे आजही पत्त्यांसारखी पडतात आणि नेपाळी माणूस प्रत्येक गोष्टीत दिल्लीचा हात शोधतो, त्यालाही आपणच कारण आहोत. पण बंड संपलं, आणि आपला एकही जवान न जाता.

आता तुमचा पैशाचा प्रश्न. तीन अब्ज डॉलर पाण्यात गेले का? काही गेले. संसदेची इमारत, २०१५ च्या नाताळच्या दिवशी उद्घाटन, सुंदर इमारत आहे, पण संसदच नाही राहिली. आपण दिलेली चार एमआय-२५ हेलिकॉप्टरं, ती गेली असं धरा. पण झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडकवाल्यांनी बांधला, २००९ ला पूर्ण झाला, त्यात आपली माणसं गेली आणि अफगाण मजूर-पोलीस तर कितीतरी जास्त गेले, त्या रस्त्यावरून आजही ट्रक चालतात. ट्रकवाल्याला सरकार कुठलं का असेना. हेरातजवळचं सलमा धरण, ४२ मेगावॅट, ते पाणी देतंय. पुल-ए-खुमरी ते काबूल २२० केव्ही लाईन, सालंग खिंडीवरून, ज्यामुळे उझबेकिस्तानची वीज काबूलला आली, तिचं तर मी काय सांगू, त्या उंचीवर हिवाळ्यात इन्सुलेटरवर बर्फ साचला की आजही मला झोप लागत नाही, इथे पुण्यात बसून. शाळेतल्या पोरांना आपण प्रोटीनची बिस्किटं द्यायचो, भारताच्या गव्हाची, पाकिटं दप्तरात भरून पोरं घरी न्यायची आणि धाकट्या भावंडांना द्यायची. त्याचा हिशोब कुठल्या रिपोर्टात मांडणार?

पण याच लाईनवर एक गोष्ट चुकली ती पण सांगतो. वरून २२० केव्ही जाते आणि खालच्या गावात संध्याकाळी कंदील, असं कितीतरी ठिकाणी होतं. टेक्निकली बरोबर आहे, एवढ्या व्होल्टेजवरून गावाला टॅप काढता येत नाही, वेगळं सबस्टेशन लागतं, त्याचा खर्च आमच्या प्रकल्पात नव्हता. पण गावकऱ्याला हे व्होल्टेजचं कीर्तन कशाला सांगता? २०१६ च्या जानेवारीत बघलानमध्ये लढाईत टॉवर पाडले, काबूल अंधारात गेलं, तेव्हा खालच्या गावांना त्याचं काही वाटलं नसणार. उलट जिथे आपण छोटी कामं केली होती, एखादा दवाखाना, विहीर, लहान पूल, पाच-पन्नास लाखांची, गावच्या शूरेनं, म्हणजे पंचायतीनं, स्वतः निवडलेली, तिथे माझ्या बघण्यात तरी कुणी हात लावू दिला नाही, या बाजूच्याला पण नाही आणि त्या बाजूच्याला पण नाही. मोठ्या कामांना नेत्याचं नाव लागतं आणि छोट्यांना गावाचं.

आपली खरी चूक पैशात नव्हती, बोलण्यात होती. डिसेंबर १९९९ ला कंदाहारच्या धावपट्टीवर आपलं पळवलेलं विमान उभं होतं (आपल्याकडे कंधार म्हटलं की नांदेडचा किल्ला आठवायचा, त्या आठवड्यापासून बदललं) आणि समोर ज्याच्या हातात विमानतळ होता त्या तालिबानशी आपली साधी ओळख नव्हती. त्यावरून खरं म्हणजे शिकायला हवं होतं की कितीही नकोसा माणूस असला तरी एक फोन नंबर ठेवावा. आपण उलटा धडा घेतला, की यांच्याशी बोलायचंच नाही. २००८ च्या जुलैत काबूलच्या दूतावासावर हल्ला झाला, माणसं गेली, मग तर विषयच संपला. भावना मला समजते, त्यातले काही चेहरे ओळखीचे होते. पण अमेरिका, रशिया, चीन, इराण सगळे तालिबानशी बोलत होते तेव्हा आपण कडेला उभे. जाहीरपणे पहिली भेट झाली ती ३१ ऑगस्ट २०२१ ला, काबूल पडल्यावर, आणि समोरून आलेला स्तानेकझाई हा एके काळी डेहराडूनच्या आपल्याच मिलिटरी अकादमीत शिकलेला माणूस! म्हणजे ओळख काढायची तर केवढी मोठी होती. नंतर आपण गहू पाठवला, २०२२ च्या जूनमध्ये टेक्निकल टीम गेली, ऑक्टोबर २०२५ ला त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले आणि दूतावास परत पूर्ण सुरू करायचं जाहीर झालं. आता यावर लोक रागावतात, आणि मुलींच्या शाळा बंद करणाऱ्यांशी हात मिळवला म्हणून रागवावंच, मलाही ते फोटो बघवले नाहीत. पण बोलणं वेगळं आणि मान्यता वेगळी.

आपण जागा सोडली तर पाकिस्तान-चीन भरतील, असं कुणीतरी विचारणारच. पाकिस्ताननं वीस वर्षं तालिबानला सांभाळलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच तालिबानशी त्यांची सीमेवर तोफांची लढाई झाली. भरू दे की जागा.

राहिलं म्यानमार. तिथे प्रश्न अजून अवघड आहे कारण १६४३ किलोमीटरची सीमा आपली आहे, अफगाणिस्तानसारखं मध्ये कुणी नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली, आपण सवयीप्रमाणे जो राजधानीत बसलाय त्याच्याशी संबंध ठेवले. कलादान प्रकल्पाचं बघा, २००८ चा करार, कोलकात्याहून समुद्रानं सितवे बंदर, तिथून नदीनं पलेत्वा, आणि पलेत्वाहून साधारण ११० किलोमीटर रस्त्यानं मिझोराम. सितवे बंदर २०२३ च्या मे महिन्यात सुरू पण झालं. आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा अराकान आर्मी या बंडखोर गटानं घेतलं. म्हणजे बंदर लष्कराच्या हातात, नदी आणि रस्ता बंडखोरांच्या, आणि करार त्या सरकारशी ज्याचा शिपाई आता पलेत्वात पाऊल ठेवू शकत नाही. तिथे कुणाशी बोलायचं हा तत्त्वाचा प्रश्नच नाही, रोलर कुणाच्या परवानगीनं चालणार एवढाच आहे.

आणि लांब वाटतं म्हणून सोडू नका, आपल्याकडच्या डाळ मिलवाल्याला विचारा. उडीद आणि तूर, २०२१ मध्ये वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर म्यानमारकडून घ्यायचं ठरलं. यांगोनमध्ये काही बिनसलं की मुंबई-लातूरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी उडदाचा भाव हलतो, तिकडच्या व्यापाऱ्यांना हे राजदूतांच्या आधी कळतं, खरंच.

मिझोराम सरकारनं मात्र सुरुवातीपासून वेगळं धरलं. २०२१ च्या मार्चमध्ये दिल्लीहून आदेश आला की म्यानमारमधून पळून येणाऱ्यांना आत येऊ देऊ नका, ते म्हणाले हे चिन लोक आमचे भाऊबंद आहेत, आम्ही परत पाठवणार नाही. तीस हजारांच्या वर माणसं ठेवून घेतली, चर्चनं, गावांनी, आपल्या ताटातलं दिलं. दिल्लीत त्याला तेव्हा अडचण म्हणत होते. माझं म्हणणं असं की उद्या चिन टेकड्यांत जे कुणी सत्तेवर येतील त्यातले निम्मे ऐझॉलमध्ये जेवून गेलेले असतील, आणि पलेत्वाच्या रस्त्याची सही घ्यायला जाताना दिल्लीच्या माणसानं सोबत एक मिझो माणूस न्यावा, दुभाष्या म्हणून नाही, पुढे बसवायला.